जळालेलं घर: झाडू नंतर, कागद आधी

नवी मुंबईत ऐरोलीतल्या वन-बीएचकेत लागलेली आग विझली की शेजारीपाजारी आधी झाडू घेऊन धावतात. त्यांना थांबवा. पंचनामा आणि विम्याच्या सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत काही हलवू नका. अग्निशमन दलाच्या दाखल्याचा अर्ज मात्र लगेच टाका.

जळक्या नोटांचा गठ्ठा सोडवत बसू नका, भुगा होतो. कापसात गुंडाळून डब्यातून थेट बेलापूरच्या रिझर्व्ह बँकेत न्या. बँकेची शाखा अशा नोटा घेत नाही.

काजळीवर ओलं फडकं फिरवलं की ती प्लास्टरमध्ये जिरते आणि नव्या रंगातूनही डोकावते. आधी कोरडा स्पंज, मग साबणपाणी, भिंत वाळली की प्रायमर. स्लॅबवर हातोडी ठोकून बघा. बद्द आवाज आला तर काँक्रीट आतून सुटलं असू शकतं. गुलाबी छटा दिसली, तर ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलं असणार. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पीओपीवाल्याला बोलावू नका. वायरिंग ५०० व्होल्टच्या मेगरवर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) १ मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर पूर्ण बदला. पीव्हीसीच्या धुरातलं आम्ल तांबं नंतरही खात राहतं, म्हणून धूर बसलेले स्विचही काढाच, कितीही चांगले दिसोत.

कागद जळले असतील तर दहावीची गुणपत्रिका डिजिलॉकरवर (सरकारी ऑनलाइन कागदपत्र-पेटी) मिळते. फ्लॅटची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) दुय्यम निबंधकाकडे.