परदेशी पैसा घ्यायचाय? टर्म शीटवर (सौद्याच्या प्राथमिक अटींच्या कागदावर) सही करण्याआधी एवढं बघा

भोसरी-चाकणच्या कारखानदाराला गुंतवणूकदार म्हणतो, "फंड सिंगापूरचा आहे, काळजी नको." तेवढ्यावर थांबू नका. फंडात पैसे कोणाचे, पैसे घालणाऱ्या कंपन्यांमागे कोण, शेवटचा मालक कोणत्या देशाचा नागरिक, हे सगळं सहीशिक्क्यानिशी लेखी घ्या. १७ एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ (परदेशी गुंतवणुकीबाबत केंद्र सरकारची सूचना) नुसार भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातून पैसा येत असेल, किंवा बेनिफिशियल ओनर, म्हणजे पडद्यामागचा खरा मालक, तिथला असेल, तर आधी सरकारची परवानगी लागते, मग एरवी तुमचं क्षेत्र ऑटोमॅटिक रूटमध्ये (जिथे सरकारची आगाऊ परवानगी लागत नाही) का असेना. नोटमध्ये चीनचं नाव नाही, पण रोख कोणावर होता ते उघड आहे. किती टक्क्यांना बेनिफिशियल ओनर म्हणायचं, हे मूळ नोटने सांगितलंच नव्हतं. म्हणून जुनी पीडीएफ वाचत बसू नका. आज लागू असलेला नियम सीएसकडून (कंपनी सेक्रेटरीकडून) काढून घ्या.

करारात परवानगीची शेवटची तारीख टाका, आणि ती हुकली तर कोण कोणाला काय देणं लागतो तेही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायला ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये करार केला, परवानगी काही आली नाही, २०२२ मध्ये करार संपला. पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर तुमचं खेळतं भांडवल या पैशावर अडकवू नका.

परवानगीआधी पैसे खात्यात घेऊ नका. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत. फाइल दिल्लीत पडून आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही. गुंतवणूकदाराने अशा सीमेलगतच्या देशाचा नागरिक संचालक म्हणून सुचवला, तर जून २०२२ पासून गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी वेगळी लागते. संरक्षण खात्यासाठी माल बनवत असाल तर आणखी जपून: नवा औद्योगिक परवाना घेणाऱ्यांना ७४ टक्क्यांपर्यंत ऑटोमॅटिक रूट आहे, तरी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून गुंतवणूक तपासण्याचा हक्क सरकारने राखून ठेवलाय.

बाकी नेहमीचंच. शेअर दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर (परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याची रिझर्व्ह बँकेला कळवणी) भरा. आणि जुना परदेशी भागीदार परस्पर हिस्सा विकणार असेल तर त्याने आधी तुम्हाला कळवावं असं कलम घाला, कारण त्या विक्रीतून मालकी सीमेपलीकडे गेली तर तिलाही परवानगी लागते.