स्पोर्ट्स सेडान खालून वर पाहावी : खानदेशातील खरेदीदारासाठी

मध्यम आकाराची लक्झरी स्पोर्ट्स सेडान पाहायला गेलेला माणूस बहुधा आधी जाळीवरचा लोगो पाहतो, मग दिवे, मग डॅशबोर्डवरचा रुंद पडदा, आणि वेळ उरलाच तर डिकी उघडतो. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्याने हा क्रम उलटा करावा आणि गाडी खालून वर पाहावी, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. आपल्याकडे ही गाडी दमते ती टायर, पोट आणि शॉकअप यांच्या पातळीवर. इंजिनाची ताकद कमी पडली अशी तक्रार मी अजून कोणाकडून ऐकलेली नाही.

भारतीय बाजारात या वर्गाचे ढोबळमानाने दोन थर दिसतात. बीएमडब्ल्यू ३ सिरीज आणि तिच्या बरोबरीच्या गाड्या लांबीने साधारण ४.७ ते ४.८ मीटर असतात, तर ५ सिरीज, मर्सिडीज-बेंझ ई-क्लास आणि ऑडी ए६ या त्याहून एक पायरी मोठ्या आहेत. गेल्या काही वर्षांत या मोठ्या थरातील दोन गाड्यांचा स्वभाव भारतापुरता बदलला. ई-क्लास २०१७ पासून आपल्याकडे लांब व्हीलबेसमध्ये, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर वाढवून, मिळते आणि २०२४ मध्ये ५ सिरीजही त्याच वाटेने गेली, त्यामुळे तिची लांबी पाच मीटरच्या पलीकडे पोचली. मागे बसून प्रवास करणाऱ्या कारखानदाराला किंवा डॉक्टरांना ही सोय असली, तरी स्वतः स्टिअरिंग धरायची हौस असणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की ‘स्पोर्ट्स’ हा शब्द आता प्रत्येक मॉडेलला सारखा लागू होत नाही. ज्याला खरोखर चालवण्यासाठी गाडी हवी आहे, त्याने बीएमडब्ल्यू एम ३४० आय सारखी गाडी एकदा तरी चालवून पाहावी. २०२१ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिच्या सहा सिलिंडरच्या ३ लिटर इंजिनाची ताकद ३८७ एचपी होती आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ती ४.४ सेकंदांत शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठत असे. चौपदरी महामार्गावर मोटारीला वेगमर्यादा १०० चीच आहे, म्हणजे पाचव्या सेकंदाला हौस संपते, ही गोष्ट वेगळी.

टायर आणि स्टेपनी

पाहणीची सुरुवात टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यांपासून करावी. समजा २४५/४० आर १९ असे लिहिले आहे. याचा अर्थ टायरची रुंदी २४५ मिलिमीटर असून त्याच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे जेमतेम ९८ मिलिमीटर आहे. साध्या हॅचबॅकच्या १६५/८० आर १४ टायरला हीच भिंत १३२ मिलिमीटरची मिळते. खड्ड्याच्या कडेवर टायर आपटतो तेव्हा रिम आणि रस्ता यांच्या मध्ये असते ती फक्त ही भिंत, आणि ती बुटकी असेल तर टायर कापला जातो किंवा रिमला बाक येतो. त्यामुळे एकाच गाडीला १८ आणि १९ इंचांची चाके मिळत असतील तर खानदेशात १८ इंचीच घ्यावीत. मोठी चाके फोटोत शोभतात, पण ती शोभा फोटोपुरतीच असते.

त्याच भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. जुनी गाडी घेताना चारही टायरांचे हे आकडे खाली वाकून वाचावेत. तीन टायर एका वर्षाचे आणि एकच अलीकडचा निघाला, तर त्या कोपऱ्यात काय घडले होते हे विक्रेत्याला शांतपणे विचारावे आणि त्याच चाकाचे रिम, शॉकअप व आतली आर्म (चाक धरून ठेवणारी दांडी) जास्त बारकाईने पाहावी.

स्टेपनीचा प्रश्न आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो मला पैसे मोजून कळला. मी घेतलेल्या जुन्या सेडानच्या डिकीत स्टेपनीऐवजी पंक्चर भरण्याचे रसायन आणि छोटा पंप एवढेच होते. पावसाळ्यात रात्री पारोळ्याच्या अलीकडे पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि पुढच्या डाव्या टायरच्या भिंतीला बोटभर चीर गेली. ते रसायन खिळ्याने पडलेले भोक बुजवते, भिंतीला गेलेली चीर त्याने बुजत नाही. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने टॉर्च लावून टायरचा आकार वाचला आणि मान हलवली. गाडी सपाट ट्रकवर चढवून धुळ्याला न्यावी लागली, आणि टायर नाशिकहून यायला तीन दिवस लागले.

काही गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ते साधारणपणे ताशी ८० च्या आतल्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर चालू शकतात. जळगाव ते धुळे हे अंतर नव्वदच्या घरात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या सोयीची मर्यादा समजते. शिवाय त्यांच्या भिंती कडक असल्यामुळे खराब रस्त्यावर धक्के अधिक जाणवतात. म्हणून डिकीतील थोडी जागा गेली तरी चालेल, पण बारीक का होईना स्टेपनी मागून घ्यावी, आणि ती ठेवल्यावर बॅगा बसतात का हे शोरूममध्येच बॅग ठेवून पाहावे. गाडी उचलून नेण्याची वेळ आलीच तर चारही चाके वर घेणारा सपाट ट्रकच मागवावा. क्वाट्रो, एक्सड्राइव्ह किंवा फोरमॅटिक अशी चारही चाकांना ताकद देणारी गाडी दोन चाकांवर ओढत नेली तर तिची यंत्रणा बिघडू शकते.

पोट आणि शॉकअप

ग्राउंड क्लिअरन्सचा कागदावरील आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हे अनेकदा स्पष्ट नसते. त्यावर विसंबू नये. चालवून पाहताना आपल्यासह चार-पाच मोठी माणसे बसवावीत, डिकीत सामान ठेवावे आणि आपल्याच गल्लीतील किंवा गावच्या वेशीवरील सर्वांत उंच गतिरोधकावरून गाडी न्यावी. लांब व्हीलबेसच्या गाडीत पुढची चाके गतिरोधक ओलांडून जातात आणि मागची अजून अलीकडे असतात, अशा वेळी मधले पोट टेकते. क्लिअरन्स तेवढाच असूनही आखूड गाडी निघून जाते आणि लांब गाडी घासते, त्याचे कारण हे आहे. गाडी तिरकी घेतल्याने काही वेळा भागते, पण रोज दिवसातून चार वेळा तिरके जायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारावे.

शॉकअपची परीक्षा घेण्यासाठी गुळगुळीत रस्ता निवडू नये. धुळेकरांनी लळिंग घाट, जळगावकरांनी फर्दापूरच्या पुढचा अजिंठ्याचा चढ आणि चाळीसगावकरांनी कन्नडचा घाट गाठावा. मात्र जाताना दोन-तीन किलोमीटर तरी एखाद्या गावाच्या अंतर्गत रस्त्यावरून जावे. कम्फर्ट मोडमध्ये (बटणाने निवडायच्या मऊ चालीत) खड्ड्यातून एकच मऊ आवाज यावा. दोनदा ‘टक-टक’ असा कोरडा आवाज आला तर चाकाजवळचा बुश (रबरी जोड) किंवा लिंक (जोडदांडी) झिजलेली असण्याचा संभव आहे. त्यानंतर त्याच वळणावर स्पोर्ट मोड लावून पाहावा. ज्या गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे शॉकअप आहेत तिच्यात बसणारा माणूस डोळे मिटूनही फरक सांगू शकतो. ज्या गाडीत ते नसतात, तिच्यात मोड बदलल्याने स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर आणि गिअर यांचाच स्वभाव बदलतो, शॉकअप तेच राहतात, आणि विक्रेता ही गोष्ट आपण होऊन सांगेलच असे नाही.

मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी वळणावर अधिक नैसर्गिक वाटते, कारण पुढच्या चाकांना फक्त वळायचे काम उरते. परंतु पहिल्या पावसानंतर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर येते तेव्हा रुंद टायर तिच्यावरून अक्षरशः लोण्यासारखे सरकतात. ज्यांचा रस्ता शेतशिवारातून जातो त्यांनी चारही चाकांना ताकद देणाऱ्या प्रकाराचा विचार अवश्य करावा.

घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नये. स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घेऊन इंजिनाच्या ओढीने वेग आवरावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे कमी तापमानाला उकळू लागते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. जुन्या गाडीच्या सर्व्हिस नोंदीत ही ओळ आहे की नाही, ते पाहावे.

इंजिन, गिअरबॉक्स आणि उन्हाळा

जुनी गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि पोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर गाडी आधीच सुरू करून ठेवलेली आहे. नम्रपणे दुसऱ्या दिवशी येतो असे सांगावे. थंड इंजिन सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत साखळीसारखी खडखड किंवा निळसर धूर दिसला, तर किंमत कितीही मोहक असली तरी मिस्त्रीचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बीएमडब्ल्यूचा आठ गिअरचा आणि मर्सिडीजचा नऊ गिअरचा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीचा, म्हणजे तेलाच्या माध्यमातून ताकद पोचवणारा आहे. ए६ च्या २ लिटर पेट्रोलमध्ये सात गिअरचा ट्विन-क्लच, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे. ट्विन-क्लच मोकळ्या रस्त्यावर झटपट गिअर बदलतो, पण बाजारपेठेतील रांगेत हळूहळू सरकताना आणि चढावर रिव्हर्स घेताना त्याची खरी परीक्षा होते, म्हणून या दोन्ही गोष्टी करून पाहाव्यात. गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ असते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. झेडएफ ही बीएमडब्ल्यूचा आठ गिअरचा गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते.

डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो आणि तो साफ होण्यासाठी गाडीला अधूनमधून सलग मोकळ्या रस्त्यावर चालवावे लागते. घर ते दुकान एवढेच ज्यांचे रनिंग आहे त्यांनी पेट्रोल घ्यावे. पेट्रोलच्या बाबतीत इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस किंवा पुस्तिकेत ई-२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) उल्लेख आहे का हे वाचावे. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांसाठी ही खबरदारी विशेष आवश्यक आहे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पलीकडे जातो, तेव्हा दुपारी दोन तास उन्हात उभी असलेली गाडी उघडून एसी लावावा आणि मागच्या सीटवर बसून घड्याळ पाहावे. काळे लेदर दिसायला देखणे असते, पण हवा खेळवणारी सीट नसेल तर या उन्हात फिकट रंगच बरा. सनरूफच्या चार कोपऱ्यांतून पाणी उतरण्याच्या नळ्या आपल्याकडच्या धुळीने बुजतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी गालिच्यावर येते. म्हणून रोहिणीच्या पावसाआधी त्या साफ करून घ्याव्यात. जिनिंगच्या हंगामात सरकी-कापसाच्या वाहतुकीमुळे रस्त्यावर तरंगणारे तंतू एसीच्या कंडेन्सरवर आणि इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या जाळीवर चिकटतात. मी बंपर उतरवला तेव्हा तिथे गोधडीत भरता येईल इतका नाही, पण हातात मावणार नाही एवढा कापूस निघाला होता.

शेवटी लोगो, किंमत आणि कागद

ए६ ची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात होते, ई-क्लासची चाकणला आणि बीएमडब्ल्यूची चेन्नईजवळ. कारखाना जवळ म्हणजे सुटे भागही लवकर मिळतील, असा समज मात्र करून घेऊ नये. आपल्याला सर्व्हिससाठी बहुधा नाशिक, संभाजीनगर किंवा इंदूर गाठावे लागते, त्यामुळे गाडी घरून नेण्या-आणण्याची सोय मिळते का आणि मिळाल्यास कोणत्या खर्चाने, हे लेखी घ्यावे. मला विचाराल तर तीन लोगोंमधली निवड एवढ्या एका उत्तरावर करायला हरकत नाही.

किमतीचा हिशेब ऑन-रोडच करावा. सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी असून वेगळा सेस राहिलेला नाही. महाराष्ट्रात २० लाखांवरील खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के एकरकमी कर भरावा लागतो, तर कंपनीच्या नावावर घेतल्यास तो २० टक्के होतो. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा प्राप्तिकर) घेतो, आणि तो प्राप्तिकर विवरणपत्रात वजा करून घेता येतो. विम्यात झीरो डेप्रिसिएशनबरोबर (म्हणजे भागांची झीज वजा न करता मिळणाऱ्या भरपाईबरोबर) इंजिन संरक्षण आणि टायर-रिमचे संरक्षण घ्यावे. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनात पाणी शिरले तर साधी पॉलिसी बहुधा हात वर करते.

दिल्ली पासिंगची डिझेल गाडी फार स्वस्त दिसली तर तिचे वय पाहावे; तिकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे त्या मोठ्या प्रमाणावर बाहेर विकल्या गेल्या. अशा गाडीला मूळ आरटीओची एनओसी, एमएच-१८, १९ किंवा ३९ अशी नवी नोंदणी आणि इथला कर हे सारे लागते, आणि ते मिळवल्यावर स्वस्ताई कितपत उरते ते आधीच मांडून पाहावे. राज्यातलीच गाडी असेल तर मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हवा. एमपरिवहन ॲपवर कर्जाचा बोजा, थकीत चलान आणि विम्याची तारीख पाच मिनिटांत दिसते. तेवढे पाहून गाडी लिफ्टवर चढवावी आणि खालून टॉर्च मारून तेलगळती व घासल्याच्या खुणा पाहाव्यात. टोकनचे पैसे लिफ्ट खाली आल्यावरच खिशातून काढावेत.