टर्बो पेट्रोल गाडीच्या प्लगचा गॅप: या चुका टाळा

सपाट रस्त्यावर गाडी छान पळते, पण चार माणसं बसवून घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की झटके देते आणि इंजिनचा दिवा लुकलुकतो. अशा वेळी आधी स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पाडणारं मधलं टोक आणि बाजूचा इलेक्ट्रोड (वाकवलेली पट्टी) यांतलं अंतर, तपासा. टर्बोने कोंबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप मोठा असेल तर प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइलची ताकद कमी पडते. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) नसताना तीच ठिणगी नीट पडते, म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दोष सापडत नाही. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

‘नवा प्लग आहे, गॅप बरोबरच असणार’ ही नेहमीची चूक. एकच प्लग अनेक इंजिनांना चालतो, शिवाय खोकं आपटलं तरी गॅप बदलतो. टर्बोला बहुधा ०.६ ते ०.८ मिमी लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. लहान गॅप बरा म्हणून तो ०.५ वर आणायचीही घाई नको: ठिणगी लहान पडते, आयडलिंग बिघडतं.

इरिडियम प्लगचं मधलं टोक जेमतेम अर्धा मिमी जाड असतं. त्यात नाण्यासारखा गोल गेज घुसवला की ते तुटतं. तारेचा गेज घ्या: गॅप ०.७ हवा असेल तर ०.७ ची तार हलकी घासत जावी, ०.८ ची अडावी. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड, तोही गॅप टूलने, थोडा थोडा. फरशीवर ठोकून गॅप कमी करायची सवय तर सोडाच, त्याने प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला तडा जातो. ०.२ मिमीहून जास्त फरक पडत असेल तर योग्य नंबरचा प्लगच आणा.

बसवताना इंजिन थंड हवं. जुना प्लग काढण्याआधी खाचेतली धूळ हवेने उडवा, नवा आधी हातानेच फिरवा. वॉशरवाल्या १४ मिमी प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५–३० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर), १२ मिमीला १५–२०. आट्यांना तेल लावू नका, त्याच टॉर्कला प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. सैल राहिला तर उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि टोक तापून लाल होतं.

गॅप बरोबर असूनही मिसिंग (ठिणगी चुकून बसणारे झटके) थांबलं नाही आणि स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचा कोड, आला, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. तो दुसऱ्यावरच राहिला तर आता प्लग अदलाबदल करून बघा. तरीही हलला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या.