झिर्कोनियम टंगस्टेट करायला घेण्याआधी

आधी बादली. हो, पाण्याची बादली. फर्नेस चालू करायच्या आधी काठोकाठ भरून दारापासून दोन पावलांवर ठेवायची. मागच्या खेपेला ती नव्हती, म्हणून यादी तिच्यापासून.

पावडरी दोनच: झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड) आणि टंगस्टन ट्रायऑक्साइड, एकास दोन मोल. दहा ग्रॅमसाठी २.१० आणि ७.९०. तोलण्याआधी तापवून कोरड्या करा, दमट पावडरचं वजन खोटं निघतं. खलायचं किती? कंटाळा येईल त्याच्या दुप्पट. गोळी दाबायची तर आत्ताच. तयार पदार्थ प्रेसखाली घातला तर दाबाने त्याची रचनाच बदलते, आणि मग एक्सआरडीत (क्ष-किरणांनी रचना तपासताना) भलत्याच रेषा बघत बसावं लागतं.

मूस प्लॅटिनमची. अॅल्युमिनाची स्वस्त पडते, पण ट्रायऑक्साइड तिलाच खातं आणि अॅल्युमिनियम टंगस्टेट होऊन बसतं. झाकण हवंच, कारण हजार अंशांच्या वर ट्रायऑक्साइड उडायला लागतं आणि मागे झिर्कोनिया उरतो. प्लॅटिनमच्या कपाटाची चावी कुणाकडे आहे आणि ती व्यक्ती रजेवर तर नाही ना, हे आदल्या दिवशीच बघा.

तापमान १२०० सेल्सियस. झिर्कोनियम टंगस्टेट खऱ्या अर्थाने टिकतं ते ११०५ ते १२५७ एवढ्याच पट्ट्यात. त्याच्या खाली आलं की त्याला फुटून मूळच्या दोन ऑक्साइडांत जायचं असतं. साधारण ७८० च्या खाली मात्र अणूंना हलायला बळ उरत नाही, म्हणून ते तसंच अडकून राहतं. तापवलं की आकसणारा पदार्थ म्हणून १९९६ साली याचा गाजावाजा झाला तो ०.३ ते १०५० केल्विनपर्यंतच्या मोजमापांवर. १०५० केल्विन म्हणजे ७७७ सेल्सियस, बरोबर फुटायला लागतं तिथेच. तर ११०५ ते ७८० हा टप्पा काही क्षणांत ओलांडायचा. म्हणून बादली!

मी काय केलं? रात्री साडेनऊला स्विच बंद केला आणि मेस बंद व्हायच्या आत जेवायला पळालो. फर्नेस रात्रभर आपल्या चालीने थंड झाली. सकाळी झाकण उघडलं तर लिंबाच्या रंगाची पावडर. जे घातलं तेच परत. दोन दिवस खलणं पाण्यात. पाण्यात म्हणजे बादलीत नव्हे, तेच तर दुखणं.

लांब चिमटा, चेहऱ्यावर ढाल, जाड चामडी हातमोजे (रबराचे नकोत, चिकटतात). दार उघडायला दुसरा माणूस. थंड मुशीवर आधी तीनदा सराव: दार, चिमटा, वळणं, बादली. वाटेत स्टूल असेल तर ते हलवा. वाफ उसळते, वाकून बघू नका. अर्धी बादली चालणार नाही.

पुन्हा खलून पुन्हा भाजायचं, पुन्हा बादली. मधल्या खेपेला सावकाश थंड केलं तरी तत्त्वतः चालतं, पण हात बसायला मी तेव्हाही बुडवतो.

एक्सआरडीत झिर्कोनियाची २८.२ अंशांची रेषा शोधा. २४ च्या आसपास गर्दी असते, तिथे फसाल. स्थैर्य तपासायला टीजीएचा (तापवत वजन मोजणाऱ्या यंत्राचा) स्लॉट वाया घालवू नका: फुटताना वजन घटत नाही, रेघ सपाटच येते. डीएससी (तापवताना उष्णतेची देवघेव मोजणं) करा, किंवा तापवून पुन्हा एक्सआरडी. बाटलीवर तारीख. मूस घासून चावी परत.