गाडीच्या दाराचं पॅड काढलंत? आतला प्लास्टिकचा कागद असा चिकटवा

काच वर-खाली करणारी मशीन बदलली, स्पीकर बसवले किंवा लॉकचं काम केलं आणि पुढच्याच पावसात सीटसमोरचं मॅटिंग ओलं झालं, तर संशय काचेच्या रबरावर जातो. पण ते रबर सगळं पाणी अडवत नाहीच. काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दारात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं; दाराची रचनाच तशी असते. ते पाणी पॅडपर्यंत, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणापर्यंत, आणि केबिनमध्ये येऊ देत नाही तो पॅडमागचा प्लास्टिकचा कागद. दुरुस्तीच्या घाईत नेमका तोच फाटतो, नाहीतर दोन-चार ठिकाणी दाबून सोडून दिला जातो.

सामान थोडंच लागतं : ब्यूटाइलची, म्हणजे मऊ चिकट रबराची, गोल पट्टी (साधारण 6 ते 8 मिमी जाडीची), आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकं, हेअर ड्रायर. सिलिकॉन आणू नका. या प्लास्टिकला ते धड चिकटत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणू शकतं. ब्यूटाइल वाळून कडक होत नाही, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीला कागद परत उघडता येतो.

आधी तळाची भोकं पाहा. माती अडकली असेल तर प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा. ती तुंबलेली असतील तर पाणी दारातच साचून गंज धरतो.

मग जुना डिंक. पत्र्यावरचे चिकट तुकडे खरवडत बसू नका. ब्यूटाइलचाच एक गोळा करून त्यावर दाबा आणि झटक्यात ओढा, बरेचसे निघून येतात. उरलेला तेलकटपणा अल्कोहोलने पुसा आणि जागा पूर्ण वाळू द्या. ओल्या किंवा धुळकट पत्र्यावर काहीच टिकत नाही.

कागदाला लहान चीर असेल तर दोन्ही बाजूंनी टेप लावून भागतं. चिंध्या झाल्या असतील तर जुना कागद जाड पॉलिथिनवर पसरून नवा कापा. हँडलच्या केबलची, वायरिंगची आणि क्लिपांची भोकं गरजेपुरतीच ठेवा. काही गाड्यांत दारातला अपघात-सेन्सर आतल्या हवेच्या दाबावर चालतो. तिथे कंपनीचाच कागद घ्या.

आता पट्टी जुन्या रेषेवरूनच अखंड फिरवा. टोकांचा जोड वरच्या कडेला घ्या, खाली नको. खरी परीक्षा खालच्या कडेची असते. बऱ्याच दारांत कागदाची ही कड पत्र्यातल्या फटीतून आत, म्हणजे ओल्या बाजूला, खोचलेली असते. कौलावरचं पाणी पन्हळीत पडावं तसं कागदावरचं पाणी परत दारात पडायला हवं. कड बाहेर राहिली तर बाकीचं सगळं काम वाया. वायर जिथून बाहेर येते तिथे ब्यूटाइलचा छोटा गोळा दाबा. थंडीत पट्टीला ड्रायरची ऊब द्या आणि अंगठ्याने सगळीकडे दाबत जा.

पॅड लावायच्या आधीच तपासा. काच बंद करून बाहेरून तिच्या खालच्या रबरावर पाच मिनिटं पाणी सोडा. आतून कागदाच्या खाली टिश्यू पेपर धरा. तळाच्या भोकांतून धार लागली आणि टिश्यू कोरडा राहिला की पॅड चढवायला हरकत नाही. तुटलेल्या क्लिपा याच वेळी बदला. त्या स्वस्त असतात, आणि सैल पॅड रस्ताभर खडखडत राहतं.