ब्रेसाँचा चित्रपट कसा पाहावा: जे दाखवलेलं नाही, त्याची नोंद

‘संथ’, ‘संयत’, ‘काव्यात्म’. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ (1901–1999) यांच्याबद्दल लिहिताना हे शब्द हमखास येतात. अडचण अशी, की यातला एकही शब्द चित्रपट समोर ठेवून तपासता येत नाही. शैली शोधायची म्हणजे दिग्दर्शकाने घेतलेले निर्णय शोधायचे: कॅमेरा कुठे ठेवला, किती वेळ ठेवला, आणि काय दाखवायचं टाळलं. ब्रेसाँच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा.

एकच चित्रपट निवडा

सुरुवातीला 1956 चा ‘अ मॅन एस्केप्ड’ घ्या. साधारण 100 मिनिटांचा, कृष्णधवल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या लिओं या फ्रेंच शहरातल्या माँल्युक तुरुंगातून आंद्रे दविन्यी हा प्रतिकार चळवळीतला कैदी 1943 मध्ये पळाला. चित्रपट त्याच्या अनुभवकथनावर आधारलेला आहे, नायकाचं नाव मात्र फाँतेन ठेवलं आहे. मूळ फ्रेंच नावाचा अर्थच ‘मृत्युदंड झालेला एक माणूस निसटला’ असा. शेवट आधीच सांगून टाकल्यामुळे ‘सुटेल का?’ हा प्रश्न उरत नाही, ‘कसा?’ एवढाच उरतो. कथनाबद्दलची तुमची पहिली नोंद हीच.

प्रत तपासून घ्या

हा टप्पा लोक टाळतात आणि पुढची सगळी मोजमापं चुकतात. चित्र जुन्या टीव्हीसारखं जवळपास चौकोनी, म्हणजे 4:3 च्या आसपास दिसलं पाहिजे. रुंद टीव्ही भरण्यासाठी वरखाली कापलेली प्रत असेल तर ती बाजूला ठेवा, कारण ब्रेसाँच्या चौकटीची कडा कुठे आहे यावरच अर्धं काम अवलंबून आहे. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला 24 ऐवजी 25 चित्रं या वेगाने चालतात. त्यात 100 मिनिटांचा चित्रपट 96 मिनिटांत संपतो आणि प्रत्येक शॉट (दोन कटमधलं सलग चित्रण) सुमारे 4 टक्क्यांनी लहान भरतो. फोनच्या स्पीकरवर तर पाहूच नका. दाराबाहेरचे बारीक आवाज त्यात ऐकूच येत नाहीत.

तीनदा पाहा, तीन रीतींनी

पहिल्यांदा सलग, वही न घेता. दुसऱ्यांदा आवाज आणि सबटायटल्स दोन्ही बंद करून. सबटायटल वाचताना नजर खालच्या पट्टीत अडकते आणि हातांच्या हालचाली निसटतात. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, हेडफोन लावून फक्त ऐका. पूर्ण चित्रपटासाठी वेळ नसेल तर दुसरी आणि तिसरी रीत सुरुवातीच्या आणि शेवटच्या 15 मिनिटांपुरती तरी वापरा.

शॉटची वही

आता पहिली पाच मिनिटं थांबत थांबत पाहा. वहीत पाच रकाने आखा: शॉटचा क्रमांक, सेकंद, चौकटीत काय आहे, काय ऐकू येतं, आणि काय दिसायला हवं होतं पण दिसत नाही. प्रत्येक कटला नवी ओळ. शेवटी एकूण सेकंदांना शॉटच्या संख्येने भागलं की शॉटची सरासरी लांबी मिळते. हा आकडा दुसऱ्या चित्रपटाशी तुलना करताना कामी येतो, एकटा असताना फारसं काही सांगत नाही.

सुरुवातीचा मोटारीतला प्रसंग पाचव्या रकान्यासाठी उत्तम आहे. फाँतेन मागच्या सीटवर, शेजारी दुसरा कैदी. आपल्याला दिसतात त्याचे हात. एक हात दाराच्या मुठीकडे जातो, अंदाज घेतो, मागे येतो. गाडीचा वेग कमी होतो, तो दार उघडून उडी मारतो, आणि कॅमेरा हलत नाही. रिकाम्या जागेसमोर तो तसाच थांबतो. शेजारचा कैदी मान वळवूनही पाहत नाही. बाहेर गोळ्यांचे आवाज, पळापळ, मग फाँतेनला पुन्हा आणून त्याच जागी बसवतात. पाठलागाचा प्रसंग, पण पाठलाग दाखवलेला जवळजवळ नाहीच. ‘इथे तणाव निर्माण होतो’ एवढंच लिहून थांबू नका. ‘माणूस चौकटीबाहेर गेला तरी कॅमेरा जागेवरच राहिला, पुढची घटना आवाजातून कळली’ असं लिहा. हे वाक्य दुसरा कुणीही तपासू शकतो.

शेवटाकडच्या पहारेकऱ्याच्या हत्येशी हे ताडून पाहा. तिथे फाँतेन भिंतीच्या कोपऱ्याआड जातो आणि आपल्यासमोर नुसती भिंत उरते. एकच निर्णय चित्रपटाच्या दोन टोकांना सापडला, तर त्याला सवय म्हणता येईल.

वस्तू आणि काम

तपशील टाळणारा हाच दिग्दर्शक हातकामाच्या बाबतीत मात्र काहीही टाळत नाही. लोखंडी चमचा सिमेंटच्या जमिनीवर घासून त्याची पटाशी होते. दाराच्या फळ्या ओकच्या आहेत, त्यांना जोडणारं लाकूड मात्र मऊ आहे, हे फाँतेनच्या ध्यानात येतं आणि तो तिथेच कोरायला लागतो. मग पडलेला भुसा गोळा करणं आलं. खाटेची तार आणि कापडाच्या पट्ट्या पिळून दोर होतो, दिव्याच्या चौकटीपासून आकडे होतात. कोणती वस्तू कुठून आली आणि तिचं काय झालं, याची वेगळी यादी करा. कथेचा कणा या यादीतच सापडेल; संवादांतून तो इतका स्पष्ट दिसत नाही.

ब्रेसाँ 50 मिलिमीटरची लेन्स वापरत राहिले, ही माहिती इथे उपयोगी पडते. तिच्यात जवळच्या वस्तू ताणलेल्या किंवा भव्य वाटत नाहीत. चमचा हा चमचाच दिसतो.

आवाजाची वही

ऐकलेल्या प्रत्येक आवाजापुढे त्याचा उगम दिसला की नाही, एवढंच लिहा. जिन्याच्या कठड्यावर किल्ली घासत येणारा पहारेकरी, दूरची आगगाडी, अंगणातला गोळीबार. हे बहुतेक चौकटीबाहेर घडतं, आणि कोठडीतल्या माणसाला जग जसं कळतं तसंच ते आपल्यालाही कळतं. शेवटी भिंतीवरून ऐकू येणारा कुरकुर आवाज कशाचा, हे फाँतेनला उशिरा उमगतं: पहारेकऱ्याची सायकल.

संगीत मोझार्टच्या सी मायनर मास या चर्चच्या प्रार्थनासंगीतातलं. ते कुठे कुठे येतं ते मिनिटांसह टिपा. कैदी मैल्याच्या बादल्या रिकाम्या करायला रांगेने निघतात, तिथे ते ऐकू येतं. सुटकेच्या कामातल्या सगळ्यात थरारक क्षणांवर ते का नाही, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा.

निवेदन आणि अभिनय

फाँतेनचं निवेदन भूतकाळात बोलतं, चित्र वर्तमानात चालतं, आणि अनेकदा दोघं एकच गोष्ट सांगतात. नवे विद्यार्थी याला पुनरुक्तीचा दोष म्हणतात. तसं म्हणण्याआधी एका प्रसंगाचा आवाज बंद करून पाहा: निवेदन काढल्यावर कृती नेमकी कशाने कमी झाली? बहुतेक वेळा कमी होते ती फाँतेनची शांत खात्री.

फाँतेन झालेले फ्रांस्वा लतेरिए व्यावसायिक नट नव्हते. ब्रेसाँ अशा माणसांना नट न म्हणता ‘मॉडेल’ म्हणत. चेहरा कोरा दिसतो म्हणून ‘अभिनय कमकुवत’ हा शेरा मारू नका. त्याऐवजी भावना चेहऱ्यावर नसेल तर ती कुठे ठेवली आहे, ते शोधा: हातात, आवाजात की पुढच्या कटमध्ये. ब्रेसाँचं 1975 चं टिपणांचं पुस्तक आधी मुळीच वाचू नका. त्यातली वाक्यं इतकी पकड घेतात, की मग डोळ्यांना फक्त तीच दिसू लागतात.

शैली की त्या चित्रपटाची गरज?

एका चित्रपटावरून दिग्दर्शकाबद्दल विधान करू नका. चौकटीबाहेरचे आवाज तुरुंगाच्या कथेतून आपसूकही येऊ शकतात. म्हणून दोन तुलना हव्यात. पहिली ‘पिकपॉकेट’ (1959) शी. इथे मोकळं पॅरिस आहे, गर्दी आहे, तरी हात, वस्तू आणि निवेदन कायम आहेत. नायकाने त्याच्या वहीत लिहिलेलं आपण वाचतो, ऐकतो आणि मग घडताना पाहतो. दुसरी तुलना 1945 च्या ‘ले दाम द्यु ब्वा द बुलोन्य’ शी. त्यात मारिया काझारेससारखी व्यावसायिक अभिनेत्री आहे आणि संवाद कवी-नाटककार झाँ कोक्तो यांचे आहेत. ब्रेसाँची ओळखीची शैली पहिल्या दिवसापासून नव्हती, हे त्यातून लख्ख दिसतं.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले दिग्दर्शक कुमार शहानी यांनी ब्रेसाँच्या 1969 च्या ‘यून फाम दूस’साठी सहायक म्हणून काम केलं. त्याच संस्थेत शिकलेले दिग्दर्शक मणी कौल यांच्यावरही ब्रेसाँचा प्रभाव होता. कौल यांचा ‘उसकी रोटी’ हा चित्रपट याच वहीत याच रकान्यांनी मोजून पाहा. मग कोणती सवय उचलली आणि कोणती सोडून दिली, हे तुमच्याच नोंदींतून सांगता येईल.

लिहिताना एक विधान, त्याला तीन शॉट आणि एक विरोधी उदाहरण एवढं पुरे. प्रत्येक शॉटपुढे मिनिट आणि सेकंद घाला. विरोधी उदाहरण सापडत नसेल, तर विधान फार ढोबळ झालं आहे किंवा पाचवा रकाना नीट भरलेला नाही.