पावसाआधीचं पुरुमेंत

पुरुमेंत म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच करून ठेवलेली साठवण. मे महिन्यात गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाल तर आधी उकडे तांदूळ बघा. दोन-तीन घरांनी मिळून पोतं घेतलं तर स्वस्त पडतं. मग अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), कुळीथ, नाचणी. नाचणी अख्खीच घ्या आणि लागेल तशी दळून आणा. पीठ पावसात लवकर खराब होतं.

खरी मेहनत घरी आल्यावर. कडधान्यं दोन कडक उन्हं खाऊ द्या, पूर्ण थंड करा आणि मगच डब्यात भरा. गरम भरलीत तर आत घाम सुटतो, बुरशी येते. कुळीथ-अळसांद्यांना एरंडेल तेलाचा हात लावा. चिंच बिया काढून, मीठ लावून, गोळे करून बरणीत.

सोलां, म्हणजे कोकमाच्या सुकवलेल्या साली, घरची असतील तर उत्तमच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, ताजी मासळी महागते. म्हणून सुकं गालमो (बारीक सुकी कोळंबी) आणि सुके बांगडे वेगळ्या घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर तांदळालाही वास लागतो.

भाजी मात्र साठवू नका. पावसात तायकिळो (टाकळा) परसात फुकट उगवतो, खोबरं घालून फार सुंदर लागतो.